बोटावरचा उजेड, कपाळातला उजेड

२०२० च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात कोविडसाठीच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा सेविका दारोदार फिरून लोकांच्या बोटांना ऑक्सिमीटर लावत होत्या, तेव्हा या यंत्राचे जनक ताकुओ आओयागी यांना जाऊन पाच महिने झाले होते. मोठ्यांच्या आजारपणात हे यंत्र आपल्या ओळखीचं झालं. मला त्याची कुळकथा सांगायची आहे ती मात्र लहान मुलांच्या झोपेसाठी. झोपेत ज्या मुलाचा श्वास अडतो, त्याला स्वतःला ते कळत नाही, सकाळी आठवतही नाही. आणि घोरणं ऐकून घरच्यांना वाटतं, पोर किती गाढ झोपलंय!

रक्तात ऑक्सिजन भरपूर असला की ते लालभडक दिसतं, कमी झाला की काळपट. म्हणजे शरीरातून आरपार गेलेल्या उजेडावरून ऑक्सिजन ओळखता यायला हवा. १९३५ साली जर्मनीत कार्ल मॅथेस यांनी कानाच्या पाळीतून दोन रंगांचा प्रकाश सोडून तसा प्रयत्न केला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ग्लेन मिलिकन यांनी उंचावर उडणाऱ्या वैमानिकांसाठी कानाला लावायचं यंत्र बनवलं. ‘ऑक्सिमीटर’ हे नाव त्यांचंच. अडचण एकच होती. उजेड फक्त धमनीतलं रक्त अडवत नाही. कातडी अडवते, मांस अडवतं, शिरांमधलं वापरलेलं रक्तही अडवतं. यातला धमनीचा वाटा वेगळा कसा काढायचा? कुणी कान तापवला, कुणी दाबून रक्तहीन करून मग सोडला. हेवलेट-पॅकार्डने १९७० च्या दशकात आठ तरंगलांबींचं यंत्र काढलं. ते अचूक होतं, पण कानावरचा भाग चांगला बोजड. लहान मुलाने तो रात्रभर सहन करणं कठीणच.

आओयागी टोकियोच्या निहोन कोहदेन कंपनीत इंजिनिअर होते. १९७२ मध्ये ते ऑक्सिजन मोजतच नव्हते. हृदय दर मिनिटाला किती रक्त बाहेर टाकतं हे शोधायला त्यांनी रक्तात रंगद्रव्य सोडलं होतं, आणि ते कसं विरतंय हे कानातून जाणाऱ्या प्रकाशावर बघत होते. नाडीच्या ठोक्यागणिक त्यांचा आलेख थरथरायचा. ती थरथर घालवायला त्यांनी दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश घेतला आणि एका संकेतातून दुसरा वजा केला. थरथर गेली. पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की वजाबाकी बिघडायची आणि थरथर परत यायची.

इथे त्यांची नजर फिरली. ठोक्याबरोबर बदलतं ते धमनीतलंच रक्त. कातडी, मांस, हाड तर ठोक्याठोक्याला बदलत नाही. म्हणजे जी थरथर पुसून टाकायची होती, तिच्यातच धमनीचा ऑक्सिजन होता. दोन तरंगलांबींच्या थरथरीचं गुणोत्तर काढलं की झालं. कान तापवायला नको, दाबायला नको. १९७४ मध्ये त्यांनी हे जपानमधल्या परिषदेत मांडलं. बोटावर लावायचं रूप मिनोल्टाने १९७७ मध्ये बाजारात आणलं, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेतून ते जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत पोचलं.

याच काळात, १९७६ मध्ये, स्टॅनफर्डच्या क्रिश्चन गिलेमिनो आणि सहकाऱ्यांनी झोपेत श्वास अडण्याचा आजार म्हणजेच स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या आठ मुलांचं वर्णन छापलं. पाच ते चौदा वर्षांची मुलं. दिवसा पेंगणं, अभ्यासात मागे पडणं, सकाळी डोकेदुखी, पुन्हा अंथरूण ओलं करणं. मुलांमध्ये कारण बहुतेकदा वाढलेले टॉन्सिल्स आणि नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी असतं. पुढे १९९८ मध्ये डेव्हिड गोझाल यांनी पहिलीतल्या, वर्गात सर्वांत मागे असलेल्या २९७ मुलांची झोप तपासली. त्यांतल्या ५४ जणांच्या श्वासात रात्री बिघाड सापडला. ज्यांचे टॉन्सिल्स-अ‍ॅडेनॉइड काढले, त्यांचे पुढच्या वर्षीचे गुण सुधारले. ज्यांच्या पालकांनी शस्त्रक्रिया नाकारली, त्यांचे नाहीत. ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेली किती मुलं झोपेत श्वासासाठी झगडत असतील, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो.

झोपेची पूर्ण तपासणी महाग, आणि ती मोजक्याच ठिकाणी होते. म्हणून मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी २००० च्या सुमारास बोटावरच्या यंत्राच्या रात्रभराच्या नोंदीवर भर दिला. ती नोंद पाहण्यासारखी असते. ९७-९८ टक्क्यांवर सरळ चाललेली रेघ, आणि मध्येच, बहुधा स्वप्नांच्या झोपेत, करवतीच्या दातांसारखे ओळीने खाली गेलेले खड्डे. असे तीन किंवा अधिक घोळके आणि किमान तीन खड्डे नव्वदच्या खाली गेलेले दिसले, तर आजार जवळपास नक्की. मात्र नोंद स्वच्छ आली म्हणून आजार नाहीच, असं म्हणता येत नाही. मुलं पटकन जागी होतात, खड्डा पडायच्या आधीच श्वास सावरतात आणि झोप मात्र फाटत राहते. शिवाय यंत्र दहा-बारा सेकंदांची सरासरी काढत असेल तर छोटे खड्डे बुजूनच जातात. मुलांसाठी ती तीन सेकंदांची किंवा त्याहून कमी हवी.

पण बोट म्हणजे मेंदू नव्हे, आणि अभ्यासाचा प्रश्न तर मेंदूचा. मेंदूपर्यंत उजेड पोचवला तो ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स योबसिस यांनी. गाईच्या सपाट हाडातून लाल उजेड पलीकडे येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. हाड आड येत नसेल तर कवटी तरी का येईल? १९७७ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी दाखवलं की सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, लालपासून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तापर्यंतचा प्रकाश कवटीतून जाऊन मेंदूतल्या ऑक्सिजनची खबर आणतो. १९८० च्या दशकात ड्यूकमध्ये आणि लंडनमध्ये कमी दिवसांच्या आजारी बाळांवर हे वापरलं गेलं. त्याचं आताचं रूप म्हणजे कपाळावर चिकटपट्टी, एका टोकाला दिवा, काही सेंटिमीटरवर दोन ग्राहक. जवळचा कातडी-कवटीचा वाटा सांगतो, लांबचा खोलवरचा. दोन्हींची वजाबाकी मेंदूची.

इथे नाडी वेगळी काढलेली नसते. मेंदूतलं बरंचसं रक्त शिरांमधलं, म्हणून निरोगी मुलाचा आकडाही ६० ते ८० च्या आसपास येतो. बोटाचे ९८ बघायची सवय असलेली आई हा आकडा पाहून घाबरते. तिला आधीच समजावून सांगायला हवं. २००८ मध्ये सिनसिनाटीच्या संशोधकांना दिसलं की मेंदूच्या आकड्याचं नातं एकट्या बोटाच्या आकड्याशी नाही. रक्तदाब आणि वयही त्यात येतात. श्वास अडला की मेंदूकडे जादा रक्त धावतं. मेलबर्नमध्येही श्वास अडताना मेंदूच्या आकड्यातली घट लहानच आढळली. मग अभ्यासात मागे पडणं कशामुळे, ऑक्सिजनच्या घटीमुळे की फाटलेल्या झोपेमुळे, हा वाद अजून मिटलेला नाही. कपाळावरच्या पट्टीचा कुठला आकडा धोक्याचा, हेही ठरलेलं नाही, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय आजही तिच्यावर घेतला जात नाही. तो घेतला जातो घसा तपासून, झोपेची तपासणी करून आणि बोटावरच्या रात्रभराच्या नोंदीवरून. दिवसा, जागेपणी, दवाखान्यात घेतलेल्या एका आकड्यावरून नव्हे.