अडगावची लढाई : खलिता आणि पडताळा

बार्शीटाकळीच्या शाळेत दुसरे इंग्रज-मराठा युद्ध शिकवताना मुलांना असई आणि देवगावचा तह पाठ होतात. पण ज्या लढाईने या परिसराचा धनी बदलला ती आपल्याच जिल्ह्यात झाली, हे बहुधा सांगायचे राहून जाते. आज तेल्हारा तालुक्यात असलेल्या अडगावच्या मैदानात ती २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झाली. एका बाजूला आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा होत्या. दुसऱ्या बाजूला रघूजी भोसल्यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांची फौज आणि दौलतराव शिंद्यांचे घोडदळ होते. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह होऊन भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तो इंग्रजांचा दोस्त असलेल्या निजामाकडे गेला. बार्शीटाकळी त्याच मुलखात येते.

ही हकीकत आपल्यापर्यंत मुख्यतः वेलस्लीच्या खलित्यांतून आणि पत्रांतून आली आहे. तेव्हा ती वाचायची कशी, हा प्रश्न इतिहासाच्या शिक्षकाइतकाच विज्ञानाच्या शिक्षकाचाही आहे. प्रयोगवहीतील नोंद तपासताना आपण काय विचारतो? निरीक्षण कोणी केले, कुठून केले, आणि ते दुसऱ्या मार्गाने पडताळता येते का?

पहिला प्रश्न घेऊ. लिहिणारा स्वतः विजयी सेनापती होता. ज्या गव्हर्नर जनरलच्या हाताखाली तो लढत होता, ते त्याचे सख्खे थोरले बंधू होते. त्याने पकडलेल्या तोफा ३८ लिहिल्या. तोफा लढाईनंतर मैदानातच पडून असतात, त्या मोजता येतात. आपले मृत व जखमी साडेतीनशेच्या वर लिहिले; तेही हजेरीपटावरून मोजता येतात. मात्र शत्रूचे किती पडले हा अंदाजच असतो. पळणाऱ्या फौजेचा हजेरीपट विजेत्याच्या हाती नसतो. म्हणजे एकाच कागदावर मोजलेले आकडे आणि अजमासाचे आकडे शेजारी शेजारी बसतात आणि वाचणारा दोन्हींवर सारखाच विश्वास टाकतो. मोजलेल्या आकड्यांतही पंक्तिभेद असतो. अशा तक्त्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे येतात. हिंदी शिपायांची नुसती संख्या येते, आणि मेलेल्या घोड्यांचीही संख्याच येते.

दुसरे उदाहरण खासगी पत्राचे. तोफांचा मारा सुरू होताच जवळजवळ तीन शिपाई पलटणी फुटून पळाल्या, असईला याच पलटणी उत्तम लढल्या होत्या, आणि आपण जवळ होतो म्हणून त्यांना पुन्हा उभे करता आले, असे वेलस्लीने मोकळेपणाने लिहिले आहे. ही माहिती त्याच्या सैन्याला कमीपणा आणणारी आहे. लिहिणाऱ्याच्या सोयीच्या विरुद्ध जाणारी नोंद सहसा अधिक भरवशाची मानतात. पण त्याच वाक्यात तो स्वतःला तारणहारही ठरवतो, हे विसरू नये.

आता तिसरा प्रश्न, पडताळ्याचा. लढाई दुपारी साडेचारच्या सुमारास सुरू झाली आणि घोडदळाने चांदण्यात कित्येक मैल पाठलाग केला, असे वेलस्ली सांगतो. त्या रात्री चांदणे होते का? हे गणित वर्गात करता येते. २१ जानेवारी २००० रोजी पौर्णिमा होती. त्या दिवशी खग्रास चंद्रग्रहणही झाले. २९ नोव्हेंबर १८०३ पासून त्या तारखेपर्यंत ७१,६४१ दिवस होतात. (मोजताना १९०० साल लीप वर्ष नव्हते, हे लक्षात ठेवावे.) एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३०५९ दिवस लागतात. या संख्येची २४२६ पट केली की ७१,६४१.२ येतात. म्हणजे अडगावची रात्र पौर्णिमेची किंवा तिच्या अगदी लगतची होती. सेनापतीची साक्ष आकाशाने खरी ठरवली. अर्थात त्यामुळे शत्रूच्या मृतांचा अंदाज खरा ठरत नाही. प्रत्येक विधानाचा पडताळा वेगळा.

या खलित्यांवरच पुढचे ग्रंथ उभे राहिले. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणारा ग्रँट डफ हा एल्फिन्स्टनच्या हाताखालचा अधिकारी, आणि एल्फिन्स्टन अडगावला वेलस्लीबरोबर हजर होता. वेलस्लीचे खलिते गुरवुडने १८३४ पासून संपादून छापले, तेही वेलस्ली हयात असतानाच. साक्षीदार, लेखक आणि संपादक असे एकाच वर्तुळातले होते. या वर्तुळाबाहेरून ग्रँट डफला पहिले खणखणीत उत्तर १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने दिले. वऱ्हाडापुरते पाहायचे तर यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ साली आला. अलीकडे, २००३ साली, रँडॉल्फ कूपर यांनी या युद्धावर ग्रंथ लिहून दाखवले, की मराठ्यांच्या तोफा व कवायती पायदळ इंग्रजांहून मागासलेले नव्हते; पैसा, उसनवारीची ताकद आणि गोरे अधिकारी फोडण्याची युक्ती यांनी पारडे फिरवले. मागासलेल्यांवर शिस्तीचा विजय, ही जुनी मांडणी त्यामुळे टिकत नाही.

साम्राज्यकाळातील युद्धग्रंथ टाकून द्यावेत असे आम्हाला म्हणायचे नाही. ते टाकले तर अडगावची निम्मी माहितीही हाती उरणार नाही. ते साक्ष म्हणून घ्यावेत, निकाल म्हणून घेऊ नयेत. शक्य असेल तर नववीच्या वर्गात एक तास यासाठी द्यावा. फळ्यावर तीन रकाने आखावेत : मोजलेले, अजमासाचे, पडताळलेले. लढाईचे एकेक विधान वाचून ते कोणत्या रकान्यात बसते, हे मुलांनाच ठरवू द्यावे. त्यांच्यात वाद होईल. तो होऊ द्यावा.