दिवाळीची पोस्त, दिवाळीचा बोनस आणि मिठाईचा पुडा

दर वर्षी नवरात्र सरले की एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. इंग्रज येण्यापूर्वी भारतात पगार आठवड्याला मिळे. वर्षाचे आठवडे ५२, चार आठवड्यांचा एक पगार, म्हणजे वर्षाला १३ पगार. इंग्रजांनी महिन्याची पद्धत आणली आणि एक पगार गिळला. कामगारांनी आंदोलन केले आणि १९४० साली तो तेरावा पगार दिवाळी बोनस म्हणून कायद्याने परत मिळाला, असा त्या संदेशाचा आशय असतो.

हिशेब गोंडस आहे, पण १९४० साली असा कोणताही कायदा झालेला नाही. बोनसचा केंद्रीय कायदा आला तो १९६५ साली, स्वतंत्र भारतात. शिवाय मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याचा होता आणि अहमदाबादेत पंधरवड्याच्या ‘हप्त्या’चा, तरीही बोनसचा झगडा दोन्ही शहरांत झाला. आठवड्यांच्या गणिताशी त्याचा संबंध नव्हता. भांडण वेगळ्याच प्रश्नाचे होते : मालकाने सणाला किंवा वर्षाअखेरीस जे दिले, ती त्याची मर्जी की कामगाराचा हक्क?

या प्रश्नाच्या आधी एक जुना मराठी शब्द आठवला पाहिजे : पोस्त. शिमग्याची पोस्त, दिवाळीची पोस्त. घरगडी, पहारेकरी, टपालवाला, झाडलोट करणारा, असे सारे सणाला दारी येत आणि पोस्त मागत. तिची रक्कम ठरलेली नसे. घेणाऱ्याने यायचे, नमस्कार करायचा आणि हातावर पडेल ते घ्यायचे. पोस्तीचा खरा स्वभाव मात्र ती मिळाली नाही तर काय, यातून कळतो. न मिळालेल्या पोस्तीबद्दल कुरकुर करता येई. फिर्याद करता येत नसे.

पेढ्यांवरही याच जातीचा रिवाज होता. गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांचे हिशेबाचे वर्ष दिवाळीला संपे. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा होई. जुन्या वर्षाचा नफा-तोटा डोळ्यांसमोर असतानाच गुमास्त्याच्या हाती मिठाई, कापड आणि काही रोख ठेवली जाई. सणाची भेट आणि वर्षाचा हिशेब हे दोन्ही एकाच मुहूर्तावर येत, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. मालकाने भेट दिली तेव्हा नफा किती झाला, हे गुमास्त्याला ठाऊक असे. वही त्यानेच लिहिलेली असे.

गिरणीत मात्र वही कामगारापासून दूर होती. तिथे बोनस हा शब्द शिरला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात. १९१७ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी पगारावर १० टक्के ‘युद्ध बोनस’ दिला, पुढच्या वर्षी तो १५ टक्क्यांवर गेला. कापडाला मागणी प्रचंड होती, धान्य महागले होते आणि पगार तेच होते. पगार वाढवला की तो पुन्हा खाली आणणे अवघड. बोनस काढून घेणे सोपे. त्याच १९१७ साली अहमदाबादेत प्लेग पसरला. कामगार शहर सोडून जाऊ नयेत म्हणून मालकांनी ‘प्लेग बोनस’ सुरू केला. साथ ओसरल्यावर तो थांबवला, आणि त्यातूनच १९१८चा प्रसिद्ध संप झाला, ज्यात गांधीजींनी उपोषण केले. अखेर लवादाने ३५ टक्के वाढ दिली. प्लेग बोनसला कोणी भेट म्हटले असते तर ते हास्यास्पदच ठरले असते. मरणाच्या भयातही साच्यावर उभे राहण्याचा तो मोबदला होता. तरी नाव असे होते की देणारा म्हणेल त्या दिवशी तो बंद व्हावा.

युद्ध संपल्यावरही मुंबईच्या गिरण्यांना काही वर्षे भरघोस नफा झाला. त्या वर्षांत साधारण एका महिन्याच्या पगाराइतका वार्षिक बोनस वाटला गेला. चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या, वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर महिना ढकलणाऱ्या माणसाला ही रक्कम आली की उधारी मिटे, गावी मनीऑर्डर जाई, कोकणात परतायचे भाडे निघे. सलग तीन-चार वर्षे येणारी रक्कम संसाराच्या हिशेबात धरली जाते. ती भेट आहे की पगार, हा प्रश्न मग केवळ कागदावर उरतो.

१९२३ साली मंदी जाणवू लागली आणि मालकांनी बोनस देणार नसल्याचे जाहीर केले. जानेवारी १९२४च्या मध्याला संप सुरू झाला. दीड लाखाहून अधिक कामगार बाहेर पडले आणि मुंबईचा गिरणधंदा मार्चच्या अखेरीपर्यंत ठप्प राहिला. मार्चमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, त्यात कामगार मृत्युमुखी पडले. मागणी एकच होती, मागच्या वर्षांसारखा बोनस.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढचा प्रश्न नेमका होता. बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने बजावता येईल असा हक्क सिद्ध होतो काय? समितीचे उत्तर होते, नाही. १९२३चा नफा पाहता बोनस देणे शक्य नव्हते, हे मालकांचे म्हणणेही तिने मान्य केले. उपाशी कामगार रिकाम्या हाताने साच्यांवर परतले. दीड लाख माणसांच्या एका महिन्याच्या पगाराला समितीने थोडक्यात पोस्त ठरवले होते.

हा निकाल कायद्याच्या दृष्टीने चूक म्हणता येत नाही. त्या काळच्या कायद्यात दुसरे काही नव्हतेच. पण त्याने कामगार संघटनांना एक धडा मिळाला. रूढीवर विसंबता येत नाही. आता वही उघडून दाखवा, अशी मागणी आवश्यक झाली.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा नफे वाढले, पुन्हा बोनस मिळू लागले. या वेळी औद्योगिक न्यायालये होती. बोनस ही बक्षिसी नव्हे, कामगार ती मागू शकतो, हा विचार मुंबईच्या निर्णयांत रुजू लागला. स्वातंत्र्यानंतर १९४९च्या बोनसवरून पुन्हा पेच पडला. १४ ऑगस्ट १९५० रोजी समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने पुकारलेला संप ६३ दिवस चालला. सुमारे दोन लाख कामगार त्यात होते. संप फसला. मात्र त्याच वर्षी श्रम अपील न्यायाधिकरणाने गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात एक सूत्र घालून दिले. एकूण नफ्यातून घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद, प्राप्तिकर, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के आणि खेळत्या राखीव निधीवर २ टक्के परतावा वजा करा. उरेल त्यात कामगाराचा वाटा आहे. सूत्र मालकांना झुकते माप देणारे होते, ही टीका रास्तच होती. तरी त्यात एक क्रांती दडलेली होती. नमस्काराच्या जागी वजाबाकी आली.

१९५९ साली असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र मुख्यतः कायम ठेवले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर साताऱ्याचे. हा गुंता न्यायालयांवर न सोडता उच्चाधिकार आयोगाने पाहावा, अशी सूचनाही त्यात होती. त्यानुसार १९६१च्या डिसेंबरात मा. रु. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग बसला, १९६४मध्ये अहवाल आला आणि १९६५मध्ये आधी वटहुकूम व मग कायदा झाला. किमान बोनस पगाराच्या ४ टक्के किंवा ४० रुपये, कमाल २० टक्के. तोटा झाला तरी किमान रक्कम द्यायचीच. मॅक्लाउड समितीचा मुद्दा ४१ वर्षांनी निकालात निघाला.

‘तेरावा पगार’ हा शब्द खरा ठरण्यासाठी आणखी काही वर्षे लागली. १९७२च्या दुरुस्तीने किमान बोनस ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग. मोबाइलवरचा संदेश याच आकड्यावर उभा आहे. १९७५मध्ये आणीबाणीत तो पुन्हा ४ टक्क्यांवर उतरवला गेला. १९७७मध्ये जनता सरकारने परत आणला.

मग दिवाळीच का? कायद्यात दिवाळीचे नाव नाही. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत बोनस द्यावा, एवढेच तो सांगतो. ३१ मार्चला वर्ष संपत असेल तर मुदत ३० नोव्हेंबरला भरते, आणि दिवाळी बहुधा तिच्या आतच येते. पेढीवरच्या जुन्या रिवाजाला कायद्याची मुदत अशी येऊन मिळाली.

येथे आजच्या व्यवस्थापकाला उपयोगी पडेल असा भाग आहे. दहा-बारा माणसांचा प्रमुख दिवाळीला त्यांना काय द्यावे, या विवंचनेत असतो. खिसा स्वतःचा, बेत माफक. सुकामेवा परवडत नाही आणि सोनपापडीचा डबा गावभर फिरून परत आपल्याच दारी येतो अशी थट्टा. त्याची भेट आणि कंपनीचे देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतिहासाने मोठी किंमत मोजून ठरवले आहे. १९६५च्या कायद्याच्या १७व्या कलमात होती ती तरतूद पाहावी. मालकाने पूजा-बोनस किंवा तसाच रूढीचा बोनस आधी दिला असेल, तर ती रक्कम कायदेशीर बोनसमधून वळती करता येते. म्हणजे सणाला प्रेमाने दिलेली रोख रक्कम वर्षाअखेरीस देण्यात मोजली जाऊ शकते. मिठाईचा पुडा, पणत्या, दिवाळी अंक यांना तो धोका नाही. स्वस्त वस्तूचे हे एक बळ आहे. पगाराची जागा घेण्याचा आव तिला आणता येत नाही.

उलट दिशेनेही एक वाट जाते. कलकत्त्याच्या कंपन्यांत दुर्गापूजेला बोनस देण्याची प्रथा होती. तिच्या खटल्यांत १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या सांगितल्या. रक्कम खंड न पडता, दीर्घकाळ, तोट्याच्या वर्षीही आणि एकाच दराने दिली गेली असेल, तर ती नोकरीची गर्भित अट ठरते. भेट पुरेशी वर्षे, पुरेशा निष्ठेने दिली की ती भेट राहत नाही. १९२४ साली मुंबईच्या कामगारांना हेच म्हणायचे होते.

कायद्याचे छत्र सर्वांवर नाही. २०पेक्षा कमी माणसांची दुकाने त्याबाहेर राहतात. घरकामगार स्त्रियाही राहतात, जरी पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत दिवाळीला एक पगार जास्त देण्याचा रिवाज पक्का आहे. नगरपालिकांचे कर्मचारीही या कायद्यात येत नाहीत. म्हणून मुंबई महापालिका जे देते त्याचे नाव बोनस नसते, ‘सानुग्रह अनुदान’ असते, आणि दर दिवाळीच्या तोंडावर त्याची रक्कम वाटाघाटीने ठरते. अनुग्रह म्हणजे कृपा. पण मागे संघटना उभ्या असल्या की कृपेचीही रक्कम वाढते. २०२५ साली ती ३१,००० रुपये होती.

त्याच दिवाळीत राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना आणि मदतनिसांना मिळाले २,००० रुपये. त्यांना मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. दिवाळीच्या रकमेला शासन म्हणते ‘भाऊबीज भेट’. नात्याचा गोडवा असलेला हा शब्द कायद्याच्या भाषेत पोस्तीपासून फार दूर नाही. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका खटल्यात अंगणवाडी सेविका ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निर्णय दिला. ग्रॅच्युइटी या शब्दाचा मूळ अर्थही खुशीने दिलेली देणगी असाच आहे, पण १९७२च्या कायद्याने ती देणे सक्तीचे केले. भाऊबीज भेटीचा शासन निर्णय मात्र दर वर्षी नव्याने काढावा लागतो.