मैदानातले गुरुजी, कोर्टातले वकील

इतिहासाच्या गोष्टीत आज आपण अमेरिकेत जाणार आहोत. तिथले फुटबॉलचे प्रशिक्षक आणि पुढे नामांकित वकील झालेले विल्यम हेन्री लुईस यांची ही गोष्ट.

लुईस यांचा जन्म १८६८ सालचा, व्हर्जिनिया राज्यातला. गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. त्यांचे आईवडील दोघंही गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय. गुलामांना एकत्र जमवून लिहावाचायला शिकवण्यावर त्या राज्यात पूर्वी बंदी होती. अशा घरातला हा मुलगा ॲमहर्स्ट कॉलेजात पोचला आणि तिथल्या फुटबॉल संघाचा कप्तान झाला.

हा फुटबॉल आपण पाहतो तसला नव्हे. चेंडू लांबोळा असतो. तो हातात धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर येऊन अडवायचं. लुईस मधल्या जागेवर खेळत. तिथे सगळ्यात जास्त धक्के बसतात. अंगाने ते त्या मानाने हलके होते, पण डोकं वापरायचे. पुढे हार्वर्डमध्ये कायदा शिकताना १८९२ आणि १८९३ साली देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्या यादीतले ते पहिले कृष्णवर्णीय. १८९५ पासून १९०६ पर्यंत त्यांनी हार्वर्डच्या मुलांना खेळ शिकवला. खेळावर पुस्तकही लिहिलं.

पण मैदानावर टाळ्या घेणाऱ्या याच माणसाची दाढी करायला एका न्हाव्याने नकार दिला. कारण कातडीचा रंग. ही गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही. लुईस निमूट परत फिरले नाहीत. त्यांनी राज्याच्या विधिमंडळापर्यंत दाद मागितली आणि भेदभावाविरुद्धच्या कायद्यात न्हाव्याची दुकानंही आली. म्हणजे सुटका एकट्याची झाली नाही, पाठीमागून येणाऱ्या सगळ्यांची झाली.

१९०३ साली ते बॉस्टनमध्ये सरकारी वकील झाले. १९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना देशाचे सहायक महान्यायवादी नेमलं. त्याच वर्षी देशातल्या वकिलांच्या मोठ्या संघटनेने त्यांना सभासद करून घेतलं. ते कृष्णवर्णीय आहेत हे कळल्यावर मात्र त्यांना काढायची खटपट सुरू झाली. लुईस यांनी राजीनामा द्यायला साफ नकार दिला. त्यांचे वरिष्ठ, महान्यायवादी विकरशॅम, गोरे होते. त्यांनी हजारो सभासदांना पत्रं पाठवून लुईस यांची बाजू घेतली. लुईस यांचं सभासदत्व टिकलं. पण संघटनेने नवा नियम केला, यापुढे अर्जदाराचा वंश अर्जावर लिहायचा. एकाला आत ठेवलं आणि मागच्यांसाठी दार लोटून घेतलं.

मैत्रिणींनो, या दोन प्रसंगांतला फरक आपण नीट बघू या. न्हाव्याच्या बाबतीत कायदा बदलला, म्हणून सगळ्यांचा फायदा झाला. संघटनेत एका माणसाची जागा वाचली, नियम मात्र उलटा गेला. आपल्या गटातल्या एखाद्या बाईचं अडलेलं काम ओळखीने होऊन गेलं, तर आपल्याला हायसं वाटतं. पण पुढच्या बाईला तोच त्रास होणार असेल, तर काम अर्धंच झालं असं आम्हाला वाटतं.

सरकारी पद सुटल्यावर लुईस यांनी बॉस्टनमध्ये वकिली केली. १९४९ साली ते वारले. त्यानंतर तब्बल साठ वर्षांनी, २००९ मध्ये, कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या यादीत त्यांचं नाव लागलं.