फराळाची चिठ्ठी

चेन्नईत मैलापूरला आमच्या खालच्या मजल्यावरच्या मामींनी दिवाळीच्या आठवड्यात एक जड पिशवी दारात आणून ठेवली. आत मैसूरपाक, मुरुक्कू, फटाक्यांची पेटी आणि एक स्टीलचा डबा. "पलगारच्चीट्टु," त्या म्हणाल्या. गल्लीतली एक बाई वर्षभर दर आठवड्याला घरटी ठरावीक पैसे गोळा करते आणि दिवाळीच्या तोंडावर सौकारपेटेत जाऊन सगळ्यांचा माल घाऊक भावात उचलते. एकट्या घराला जो भाव मिळणार नाही, तो चाळीस घरांना मिळतो.

मी मात्र त्या शब्दातच अडकलो. पलगारम् म्हणजे संस्कृत फलाहार. आपला फराळ त्याच्याच पोटचा. आणि सीट्टु म्हणजे चिठ्ठी. मामी चक्क 'फराळाची चिठ्ठी' म्हणत होत्या!

एकत्र खरेदीचा छापील इतिहास लवकर आटोपतो. १८४४ साली रॉचडेलच्या कामगारांनी दुकान काढलं. १९०४ साली इथे शेजारीच ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी निघाली. तिच्या उभारणीतले श्रीनिवास शास्त्री पुढे गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि गोखल्यांनंतर त्याचे अध्यक्ष झाले. पण गल्लीतली चिठ्ठी कुठल्या सोसायटीची वाट बघत थांबली नव्हती. १९८२च्या चिट फंड कायद्यातसुद्धा हप्ता पैशांऐवजी धान्यात देण्याची सोय आहे. वस्तूंची चिठ्ठी आधीची आणि रोकड्याची नंतरची, असंच मी धरून चालतो.

चिठ्ठी तमिळमध्ये आली कुठून? अर्काटच्या नवाबांच्या हिंदुस्तानीतून, असं एक मत. १८८६चा हॉब्सन-जॉब्सन कोश हिंदुस्तानी आणि मराठी दोन्ही रूपं देतो आणि तमिळ लोक हाच शब्द तिकिटाला नि पत्त्याच्या पानाला वापरतात, असंही नोंदवतो. माझा कौल मराठीला. तंजावरला १६७६ ते १८५५ मराठ्यांचा दरबार होता, दफ्तर मोडीत होतं. आणि आजही तमिळनाडूत जमीन घेताना जो उतारा मागतात त्याचं नाव 'चिट्टा', आपला चिठ्ठाच.

खरा झगडा आहे तो दुसऱ्या शब्दाचा. पैशांच्या चिठ्ठीत जमलेली रक्कम आधी उचलायला गरजवंत माणूस तिच्यातली किती सोडायला तयार आहे, यावर बोली लागते आणि सोडलेले पैसे सगळ्यांत वाटले जातात. ही एलच्चीट्टु, म्हणजे आपली लिलाव भिशी. एलम् म्हणजे लिलाव. आपला लिलाव पोर्तुगीज 'लेइलाँव'चा, जसा 'पाँव'चा पाव. पोर्तुगीजांनी तो अरबीतल्या 'अल्-इलाम', म्हणजे जाहीर पुकारा, यावरून घेतला. मग कुणी विचारेल: एलम् थेट अरबी 'इलाम'वरूनच का नसेल? या किनाऱ्यावर अरब व्यापारी पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचे, आणि आवाजही जवळचा. तमिळ 'ल'ने शब्द सुरू करत नाही हे खरं, पण लंकेचं तिने इलंगै केलं. 'ल' टाकला नाही, पुढे 'इ' जोडला. मुद्दा वजनदार आहे.

तरी मी पोर्तुगीजांच्या बाजूने. मल्याळममध्ये लिलावाला 'लेलम्' म्हणतात. तो सुरुवातीचा 'ल' अरबीतल्या 'अल्'चा, आणि तो पोर्तुगीजांच्याच तोंडून आलेला. लेलम्, एलम्, तेलुगूत वेलम् अशी उतरंड स्पष्ट दिसते. शिवाय मामींच्या घरापासून चालत जाता येईल असं सांतोम हे १६व्या शतकात पोर्तुगीजांचं ठाणं होतं. मामींच्या घरातली सावी (चावी), जन्नल (खिडकी), अलमारी, सगळं त्यांच्याकडूनच आलेलं. मग लिलावच तेवढा दुसरीकडून कशाला येईल?

या लिलावाच्या चिठ्ठीला तळ्ळुच्चीट्टुही म्हणतात. तळ्ळु म्हणजे ढकलणं. तमिळ आडि महिन्यात टी. नगरच्या दुकानांवर 'तळ्ळुबडि'चे फलक लागतात, म्हणजे सवलतीचे, धातू तोच. गरजवंताने पुढे ढकललेला पैसा आणि दुकानदाराने सोडलेला भाव, दोन्ही तमिळला सारखेच वाटले.

बोली नको असेल तिथे नावांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून हलवतात. तिला कुलुक्कल् सीट्टु म्हणतात. मामींनी मला डबा हलवून दाखवला. कुलुक्कल् आणि आपलं खुळखुळणं: इथे कुणी कुणाकडून काही घेतलेलं नाही, शब्द त्या डब्यानेच दोघांना दिलाय.