कारळ्याची कुळकथा

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत भातखाचरे संपली की वरकस जमीन लागते. तिथे नाचणी, वरई आणि कारळे ही पिके पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पावसाळा सरताना उतार पिवळ्या फुलांनी भरून टाकणाऱ्या कारळ्याला, म्हणजेच खुरासणीला, कोणी परके म्हणणार नाही. तरीही त्याचे कूळ इथले नाही. त्याचे जवळचे रानटी भाऊबंद इथिओपियाच्या डोंगराळ मुलखात उगवतात. तिथे त्याला ‘नूग’ म्हणतात आणि त्याचे तेल रोजच्या स्वयंपाकात वापरतात. शेजारची नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतलीच. ही दोन्ही पिके जुन्या व्यापाराबरोबर समुद्र ओलांडून आली असावीत, हा अभ्यासकांचा तर्क मला पटतो. हलक्या, उताराच्या जमिनीवरची त्यांची सोबत तिथेही आहे आणि इथेही.

पण आलेले प्रत्येक बी ताटात जागा मिळवतेच असे नाही. एरंडाचे मूळही ईशान्य आफ्रिकेतच मानले जाते. त्याच्या बियांत रायसीन हे जहाल विष असते. तेल काढल्यावर ते पेंडीत उरते. म्हणून तेल औषधाला चालते, पेंड मात्र खतात घालावी लागते. इथल्याच करंजाचे तेल करंजीनसारख्या कडू द्रव्यांमुळे दिव्याला आणि त्वचारोगाला उपयोगी पडले, फोडणीला नाही. जवसात सायनाइड सुटू शकेल अशी संयुगे असतात, म्हणून ते भाजून आणि बेताने खावे. कारळ्यात असे जहाल विष नाही. बियांत साधारण 30 ते 40 टक्के तेल, सुमारे 20 टक्के प्रथिने, आणि तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेइक आम्ल. भात-नाचणीच्या जेवणात स्निग्धांश कमी पडतो, तो लसूण-मिरची घालून कुटलेली कारळ्याची चटणी भरून काढते. सकस असून निर्विष, म्हणूनच हा पाहुणा घरचा झाला.

कोणी म्हणेल, कारळेही भाजूनच खातात, म्हणजे विष भाजण्याने जात असेल. तसे असते तर न भाजलेल्या बियांचे घाण्याचे तेल माणसाला आणि पेंड दुभत्या जनावरांना चालली नसती. भाजणे चवीसाठी आहे. दुसरा आक्षेप खरा आहे: हे तेल लवकर खवट होते, आणि ओलसर साठवलेल्या बियांना बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिनचा धोका असतो. पण हे टाळणे आपल्या हाती आहे. बी कडक वाळवावे, चटणी थोडी थोडी करावी. तिसरा आक्षेप कमी उत्पन्नाचा. कारळ्याचे फूल स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही, मधमाशा नसतील तर दाणा भरत नाही. तेव्हा वरकसावर कारळ्याचा एक पट्टा तरी राखा, आणि तो फुलात असताना आसपास कीटकनाशक फवारू नका.