पडद्यावरील अस्पृश्य आणि बाबासाहेबांचा आक्षेप

आरंभीच्या सोव्हिएत राजकीय चित्रपटांनी शेतकरी, कामगार आणि झारशाहीत दडपल्या गेलेल्या आशियाई जमातींना पडद्यावर आणले. व्सेवोलोद पुदोव्किन यांचा १९२८ चा 'स्टॉर्म ओव्हर एशिया' हा त्यांपैकी बौद्धांनी विशेष अभ्यासावा असा चित्रपट होय. त्यातील मंगोल शिकाऱ्याची प्रमुख भूमिका बुरियात वंशाच्या इंकिजिनोव्ह या नटाने केली. विहारातील मुखवटानृत्यही खऱ्याखुऱ्या लामांचे आहे. परंतु इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या पत्नीचा शृंगार आणि लामांचा पेहराव यांची दृश्ये दिग्दर्शकाने एकाआड एक जोडली व धर्माला साम्राज्यशाहीचा जोडीदार ठरविले. लामा पडद्यावर दिसले. आपला धर्म काय, हे सांगण्याचा अधिकार मात्र त्यांना मिळाला नाही. पुढे १९३० च्या दशकात सोव्हिएत राजवटीनेच बुरियात प्रदेशातील विहार बंद पाडले.

अशाच स्वरूपाचा प्रश्न त्याच दशकात महाराष्ट्रात उपस्थित झाला. १९३५ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'धर्मात्मा' हा चित्रपट काढला. त्याचे मूळ नाव 'महात्मा' होते. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. त्यात बालगंधर्वांनी साकारलेले संत एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवतात. त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी येवल्यात बाबासाहेबांनी, 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशी घोषणा केली होती.

'जातिनिर्मूलन' या भाषणावर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये टीका करताना ज्ञानदेव-तुकारामादी संतांचा दाखला दिला. त्याला दिलेल्या उत्तरात बाबासाहेबांनी 'धर्मात्मा'चा नावानिशी उल्लेख केला आहे. एकनाथ अस्पृश्यांसोबत जेवले ते जातिभेदाला विरोध म्हणून नव्हे, तर तो विटाळ गंगास्नानाने धुतला जातो या समजुतीने, असे त्यांचे प्रतिपादन आहे. संतांनी ईश्वरापुढे सर्व समान मानले. माणसामाणसांतील समतेसाठी लढा दिला नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा होय.

हिंगोली जिल्ह्यातील वाचकाला हा मुद्दा परका नाही. नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढा नागनाथ येथे नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे पाठविले, तेव्हा देऊळच फिरले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. या कथेत देऊळ फिरते; परंतु त्यांना मागे पाठविणारी व्यवस्था आहे तेथेच राहते.

बाबासाहेबांचा विरोध चित्रपटमाध्यमाला नव्हता. आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' (१९५४) या चित्रपटाच्या मुहूर्ताला ते स्वतः उपस्थित होते. तेथे नायक ब्राह्मणी व्यवस्थेलाच आव्हान देणारा होता.

पालि वाङ्मयात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच आढळते. थेरगाथेच्या द्वादसक निपातात सुनीत थेर आपली कथा स्वतः सांगतात. नीच मानलेल्या कुळात जन्म, वाळलेली फुले उचलण्याचे काम, लोकांची अवहेलना आणि तथागतांनी दिलेली प्रव्रज्या, हे सर्व तेथे प्रथमपुरुषी येते. कोणी थोर पुरुष त्यांच्या घरी जेवला म्हणून ते थोर ठरत नाहीत. ते स्वतःच्या साधनेने अर्हत होतात आणि इंद्र-ब्रह्मा त्यांना वंदन करतात.

एकनाथांच्या चित्रपटात अस्पृश्याचे घर हे नायकाच्या औदार्याचे नेपथ्य आहे. थेरगाथेत बोलणारा सुनीत आहे. आपल्याविषयीचा कोणताही चित्रपट वा ग्रंथ पारखताना हा भेद प्रथम पाहावा.