अधिहर्षताजन्य नासाशोथ : उपचारांचा इतिहास

परागकण, घरातील धूळ, बुरशीची बीजुके यांसारख्या एरवी निरुपद्रवी पदार्थांना शरीर अतिसंवेदनशील झाल्यामुळे नाकाच्या श्लेष्मकलेला येणाऱ्या दाहयुक्त सुजेस अधिहर्षताजन्य (ॲलर्जीजन्य) नासाशोथ म्हणतात. लागोपाठ शिंका, पाण्यासारखा स्राव, नाक चोंदणे व खाज ही त्याची प्रमुख लक्षणे होत. तो प्राणघातक नसल्याने क्षुल्लक समजला जातो. परंतु झोपमोड, अभ्यासाची व शेतकामाची हानी आणि दम्याशी असलेला निकटचा संबंध यांमुळे त्याच्या उपचारांस महत्त्व आहे.

चरक व सुश्रुत यांच्या संहितांत ‘प्रतिश्याय’ या रोगाचे वर्णन असून नस्यादी उपाय सांगितले आहेत. मात्र त्या संज्ञेत सर्व प्रकारच्या पडशांचा समावेश होतो. जॉन बॉस्टॉक या ब्रिटिश वैद्यांनी १८१९ मध्ये स्वतःच्याच उन्हाळी विकाराचे वर्णन केले. रक्तमोक्षण, अफू इ. उपायांनी त्यांना गुण आला नाही. चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये प्रयोगांनी परागकण हे कारण सिद्ध केले. या ज्ञानाच्या आधारे लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये परागांच्या अर्काची अंतःक्षेपणे वाढत्या मात्रेत देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दान्येल बोव्हे यांच्या १९३७ पासूनच्या संशोधनातून हिस्टामीनरोधक औषधे पुढे आली. पहिल्या पिढीतील औषधांनी गुंगी येई. तो दोष सेटिरिझीन, लोराटाडीन इत्यादींत बराच कमी झाला. १९७० नंतर नाकात फवारावयाची स्टेरॉइडे प्रचारात आली व नाक चोंदण्यावर ती अधिक गुणकारी ठरली.

महाराष्ट्रात या विकाराला गाजरगवताने (काँग्रेस गवताने) नवे कारण पुरविले. मूळच्या अमेरिकी अशा या तणाची पुण्यात १९५५ मध्ये नोंद झाली व पुढील काही दशकांत ते सर्वत्र फैलावले. लातूर–नांदेड मार्गावरील चाकूरसारख्या कोरडवाहू प्रदेशात पावसाबरोबर ते पडीक जमिनी, बांध व रस्त्यांच्या कडांवर माजते. त्याच्या परागांमुळे नासाशोथ, तर पार्थेनीन या घटकामुळे त्वचाशोथ होतो. ते फुलण्यापूर्वी हातमोजे घालून व नाकातोंडावर फडके बांधून उपटणे, हा प्रतिबंधाचा सोपा उपाय होय. त्याच्या नियंत्रणासाठी मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे १९८४ मध्ये बंगलोर येथे सोडण्यात आले.

उपचारांची निवड लक्षणांच्या तीव्रतेनुसार करतात. कारक पदार्थ टाळणे व मिठाच्या पाण्याने नाक धुणे यांपासून आरंभ होतो. सौम्य विकारात हिस्टामीनरोधक गोळ्या, तर दीर्घकालीन विकारात स्टेरॉइड फवारा देतात. तो नियमित वापरल्यासच पूर्ण गुण येतो. चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंब काही दिवसांपेक्षा अधिक वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते. प्रतिजैविके या विकारावर निरुपयोगी असतात. लक्षणांच्या मुळाशी असलेली अतिसंवेदनशीलता बदलू शकणारा उपाय म्हणजे नून यांच्या पद्धतीतून विकसित झालेली प्रतिरक्षा चिकित्सा होय. तथापि ती सु. तीन वर्षे चालते आणि प्रत्येक अंतःक्षेपणानंतर तीव्र प्रतिक्रियेच्या शक्यतेमुळे रुग्णास अर्धा तास देखरेखीखाली ठेवावे लागते. वारंवार शहरी जाण्यात मजुरी बुडत असल्याने खेड्यातील रुग्णास ती सहज झेपत नाही. जिभेखाली ठेवावयाच्या औषधांनी ही अडचण अंशतः कमी झाली असली, तरी खर्चाचा प्रश्न उरतोच. त्यामुळे ग्रामीण भागात फवाऱ्याचा योग्य वापर आणि सामुदायिक तणनिर्मूलन यांवरच मुख्य भर द्यावा लागतो.